दोन लशींमधले दिवस

बाईंच्या पत्राला मी उत्तर पाठवले नाही. पाठवायचे नव्हते असे नाही. ते उत्तर माझ्या डोक्यात बारा-तेरा वर्षे चालूच होते, आणि जी गोष्ट अजून चालू आहे ती संपवून पाकिटात कशी घालायची, हे मला कधी उमगले नाही. पत्र आले तेव्हा माझी बायको होती. आमच्या घरी पत्रे तीच फोडायची. मी छापखान्यात मुद्रितशोधक होतो. दिवसभर परक्यांची वाक्ये तपासून घरी आलो की आपल्या नावाने कोणी वाक्ये लिहून पाठवावीत याचीच मला धास्ती वाटे. तिने पत्र वाचले, पुन्हा होते तशी घडी घातली आणि माझ्यासमोर ठेवले. "अहो, हे तुम्हालाच आहे. कुत्र्यांच्या डॉक्टरीणबाईंचं. चहा झाल्यावर वाचा, आधी नको." आधी नको म्हटल्यावर चहा कसला उतरतो घशाखाली. वाईट बातमी असणार असे मी धरून चाललो, आणि मग लक्षात आले की वाईट बातमी तर आठवड्यापूर्वीच होऊन गेली आहे. बोका गेला होता.

बोका हे आमच्या कुत्र्याचे नाव. बशीतले दूध चाटताना तो डोळे मिटायचा, म्हणून बायकोने ठेवलेले. कुत्र्याला बोका म्हणतात का, असे लोक विचारत आणि ती म्हणे, "त्यानं तरी कुठे तक्रार केलीय?" महिना-सव्वा महिना होता आमच्याकडे. मग एका सकाळी त्याने दूध घेतले नाही. दुपारपर्यंत उलट्या, संध्याकाळी रक्त, आणि घरभर तो वास, जो मी इथे लिहिणार नाही. पिल्लांची आतडी आतून सोलून काढणारा रोग, पार्वो. बाईंनी त्याला सलाईन लावले, रात्री स्वतः दवाखान्यात थांबल्या, आणि तरी तो गेला. आम्ही निघालो तेव्हा त्या दारापर्यंत आल्या होत्या. मी चपला शोधत राहिलो. चपला पायातच होत्या.

पत्र मला अजून पाठ आहे. पान पाठपोट, अक्षर उजवीकडे कललेले, घाईचे. "बोक्याला पहिली लस वेळेवर मिळाली होती. दुसरीची वेळ अजून यायची होती. पिल्लू जन्मते तेव्हा आईच्या पहिल्या दुधातून तिचे संरक्षण घेऊन येते. ते काही आठवडे पुरते. पण ते असते तोवर आपण टोचलेली लस त्याला लागू पडत नाही, आईचे संरक्षणच तिला परतवून लावते. मग एक दिवस ते ओसरते. कोणत्या दिवशी, ते पिल्लाला ठाऊक नसते, आईला नसते, मलाही नसते. म्हणून आम्ही पुन्हा पुन्हा टोचतो. मधे काही दिवस असे असतात की आईचे संपलेले असते आणि आपले रुजलेले नसते. बोका त्या दिवसांत सापडला. यात तुमचे काही चुकले नाही, तुमच्या पत्नीचे नाही, लशीचेही नाही. जाताना तुम्ही माझ्याकडे पाहिले नाहीत, म्हणून लिहिते आहे. हा रोग जमिनीला चिकटून राहतो, वर्षभर तरी घरात पिल्लू नको. नंतर मात्र आणा. आणाल तेव्हा मला कळवा."

आणाल तेव्हा मला कळवा. सगळे घोडे तिथेच पेंड खात होते. पिल्लू आणले नाही तर कळवायचे काय? आणि न आणता नुसतेच आभार मानायचे तर ते कसे? मी बसलो होतो लिहायला, नाही असे नाही. "आपला अत्यंत आभारी आहे" असे लिहिले आणि सवयीप्रमाणे "अत्यंत" खोडले. नुसते "आभारी आहे" हे दुकानाच्या पावतीवर असते तसे वाटले. "ऋणी" लिहिले, ते फार झाले. बायको पाठीमागून वाचत होती. "अहो, त्या बाईंचे आभार मानायचेत की परीक्षेला बसायचंय? लिहा की, पत्र मिळालं, बरं वाटलं." मला बरे वाटले होते का, हेच मला नक्की सांगता येत नव्हते. शब्द कळले होते. चांगुलपणा कळला होता. पण तुमचे काही चुकले नाही हे वाक्य माझ्या आत कुठे जाऊन बसले नव्हते; कातडीवरून ओघळून गेल्यासारखे झाले होते. दिवे विझवताना बायको मला जवळ घेऊन म्हणाली, "झालं ते झालं," आणि मला तेवढे पुरले. तिचे पुरत होते, म्हणून बाईंचे लागले नाही. हे तेव्हा सुचले असते तर उत्तर त्याच आठवड्यात गेले असते.

पुढे बायको गेली, आणि अक्का आली. अक्का माझी थोरली बहीण. ती मला सांभाळायला आली की मी तिला, यावर आमचे एकमत नाही. तिचे गुडघे वाजतात, माझे कान. पण तिची जीभ अजून नव्या कात्रीसारखी चालते, आणि दारात कोणी आले की तीच उठते. एका सकाळी ती खालच्या शिंप्याकडे बाही सैल करून आणायला गेली आणि जिना चढून आली तेव्हा तिच्या पिशवीतून एक तपकिरी डोके बाहेर आले होते. शिंप्याची कुत्री कापड बेतायच्या टेबलाखाली व्याली होती हे मला माहीत होते. येताजाता मी तिकडे न बघता जात असे. "मास्तर म्हणाले, एवढी एकच राहिलीय, घेऊन जा," अक्का म्हणाली. "मग तू काय म्हणालीस?" "मी म्हटलं, पिशवी द्या." "अक्का, मला विचारायचं तरी." "विचारलं असतं तर तू विचार केला असतास. माझं वय काय, तुझं काय! तेवढा वेळ आहे का आपल्याकडे?" आणि तिने ते पिल्लू उचलून माझ्या तळहातावर ठेवले.

तेवढेच झाले. सांगण्यासारखे दुसरे काही घडले नाही. एक कोमट, उघडे, गुलाबीसर पोट माझ्या तळहातावर टेकले, आणि त्याच्या आत काहीतरी फार भरभर चालले होते, घड्याळ दुरुस्तीच्या दुकानात एकदम आत शिरावे तसे. माझे हात इतकी वर्षे कागद धरत आलेले. कागदाला ऊब नसते. मी हात पसरून उभा राहिलो, ना खाली ठेवता येई ना छातीशी धरता येई, आणि कुठूनतरी, इतक्या वर्षांनी, तो वास आल्यासारखा झाला. "खाली ठेव ना तिला," अक्का म्हणाली. "खाली नको," मी म्हणालो, आणि माझा आवाज इतका मोठा निघाला की आम्ही तिघेही दचकलो. "जमिनीवर नको. लस झाल्याशिवाय नको." मग मी तसाच, पिल्लासकट, पायात एकच सपात घालून जिना उतरून शिंप्याकडे गेलो. आयुष्यात मी कोणाच्या दुकानात आपणहून बोलायला शिरलो असेन तर त्या दिवशी. "मास्तर, हिला काही टोचलंय का?" शिंप्याने तोंडातल्या टाचण्या काढल्या. "आईला सगळं वेळच्या वेळी टोचलंय, काका. दुधातनं उतरतंच की." "उतरतं. पण ते आहे तोवर हिची लस लागू पडत नाही, आणि ते कधी संपेल सांगता येत नाही." मी बोलत होतो आणि माझ्या तोंडून बाईंचे पत्र जसेच्या तसे येत होते, कानामात्रेसकट. शिंपी टाचणी हातात धरून ऐकत राहिला. "म्हणजे आईचंच आडवं येतं म्हणता?" "काही आठवडे." "काही आठवडे?" त्याने आतल्या खोलीकडे पाहून आवाज खाली आणला. "आमच्या घरी पन्नास वर्षं झाली, काका, अजून येतंय."

दवाखाना तोच होता. बाक बदलले होते, भिंतींचा रंग बदलला होता, पण कोपऱ्यातल्या खिडकीची कडी तशीच वाकडी, आणि दाराशी तीच पाटी: पिल्लांना जमिनीवर ठेवू नका. कललेल्या, घाईच्या अक्षरात. मी पाटीकडे पाठ करून बसलो. आत बाई असतील आणि मला ओळखतील, किंवा नसतील, यांतले मला अधिक कशाचे भय वाटत होते ते आता सांगता येत नाही. आत एक तरुण डॉक्टर होता. त्याने पिल्लाचे कान पाहिले, हिरड्या दाबल्या, शेपटीखाली थर्मामीटर लावून हसतहसत तिची माफी मागितली, आणि मग शीतपेटीतून दोन इवल्या बाटल्या काढल्या. एकीत तळाला पांढरी टिकली, साखरेचा चुरा दाबून बसवावा तशी, दुसरीत पाणी. पाणी टिकलीवर सोडले की ती क्षणात नाहीशी होते. त्याने बाटली हलवली नाही, दोन तळव्यांत नुसती फिरवली, सुईत ओढून घेतली आणि मग ती सुईची नळी मुठीत बंद करून तो तसाच उभा राहिला, डोळे मिटून नाव आठवत असल्यासारखा. अक्काने विचारलेच, "काही मंत्रबिंत्र घालताय का?" "नाही हो मावशी. गार असते ना, झोंबते. थोडी ऊब आली की कळतसुद्धा नाही त्यांना. कॉलेजात नाही शिकवत हे. आमच्या बाईंनी शिकवलं." मानेमागची कातडी चिमटीत उचलून त्याने टोचले. पिल्लू माझे बोट चाटत होते, चाटत राहिले. "नाव काय लिहू?" आम्ही नाव ठेवले नव्हते. "गुंडी," अक्का म्हणाली. "शिंप्याकडून आलीय."

बाई आता भाचीकडे राहतात, दुसऱ्या गावी. हात थरथरतात म्हणून सुई खाली ठेवली. डोळे मात्र चांगले आहेत. हे सगळे डॉक्टरने न विचारता सांगितले. "पत्रं आवडतात त्यांना. फोनवर ऐकू येत नाही. पत्ता हवाय का?" "नाही," मी म्हणालो. "हवाय," अक्का म्हणाली, "लिहून द्या, ह्याच्या नाही म्हणण्याला काही अर्थ नसतो." वाटेत ती मला म्हणाली, "आता तर आणलंस ना? कळव." मी म्हणालो, सगळ्या लशी होऊ देत, मग. तिने माझ्याकडे पाहिले आणि पत्त्याचा कागद घडी करून आपल्या पिशवीत ठेवला. तिला कळले असावे. पिल्लू आणले असे कळवायचे आणि दुसऱ्या आठवड्यात ते गेले असेही कळवायचे, हे माझ्याच्याने झाले नसते. गुंडी त्या मधल्या दिवसांतून पार झाली तरच माझ्या पत्राला तोंड होते. नाही झाली, तर बाईंना मी या जन्मी काही लिहू शकणार नव्हतो.

मग ते दिवस सुरू झाले. मी घराची फरशी पाण्यात ब्लीचिंग पावडर घालून पुसू लागलो, बाहेरच्या चपला जिन्यातच काढू लागलो, दूधवाल्याला उंबऱ्याबाहेरून दूध ओतायला लावू लागलो. "दुधानं तोंड पोळलं म्हणून ताक फुंकून पितात," अक्का म्हणे, "तू तर पाणी पण फुंकतोयस." पण डॉक्टरने आणखी एक सांगितले होते, आणि ते मला जड गेले. तिला जमिनीवर ठेवू नका, पण बाहेर न्या. कडेवर घेऊन न्या. रस्ता, गाड्या, माणसे, आवाज, सगळे या दिवसांतच बघू द्या. नाहीतर मोठेपणी ती सगळ्यालाच घाबरेल. हे तो पिल्लाबद्दल बोलत होता. मी मान डोलावली आणि माझ्या मानेवर घाम आला. मला लहानपणी असे कोणी नेले नव्हते. घरी पाहुणा आला आणि त्याने मला विचारले, काय रे, कितवीत आहेस, की उत्तर आई द्यायची. चौथीत आहे, वाचतो फार, लाजाळू आहे जरा. तिचे हे बोलणे पांघरुणासारखे माझ्यावर पडायचे आणि मी आत सुरक्षित असायचो. ती गेली तेव्हा मी चाळीसचा होतो, लग्न झालेला. पांघरूण तोवर एका बाईच्या हातून दुसरीच्या हाती गेलेही होते. बँकेतल्या कारकुनाशी, घरमालकाशी, लग्नकार्यात भेटणाऱ्या लांबच्या नातलगांशी, सगळ्यांशी बायकोच बोलायची. मी कधीतरी तिला म्हणालोही, तू आहेस म्हणून मला काही शिकावे लागत नाही. ती म्हणाली, "हे कौतुक समजू की तक्रार?" मी विचार करून सांगतो म्हणालो. ते उत्तरही राहिलेच.

तर मी गुंडीला कडेवर घेऊन रस्त्यावर उभा राहू लागलो. आधी जिन्याच्या तोंडाशी, मग शिंप्याच्या फळीशी, मग कोपऱ्यावर. आणि जे व्हायचे ते झाले. हातात पुस्तक असलेल्या म्हाताऱ्याशी कोणी बोलत नाही. हातात पिल्लू असलेल्या म्हाताऱ्याला कोणी सोडत नाही. शाळेच्या मुली, चावीवाला, समोरच्या इमारतीतला एक गृहस्थ ज्याला मी वीस वर्षे फक्त टोपीवरून ओळखत होतो. "चालत नाही का हो हिला?" "दुसरी लस व्हायचीय." "मग तोवर तुम्ही हिची गाडी!" "हो." एवढा एक "हो" म्हणायला सुरुवातीला माझा जीव जात असे. नंतर मी "हो ना" म्हणू लागलो. टोपीवाल्या गृहस्थाला तर एकदा मी आईच्या दुधाचे सगळे सांगितले, मध्ये न थांबता. तो म्हणाला, "तुम्ही मास्तर होता का?" शिंपी आतून ओरडला, "मास्तर मी आहे! ते काका आहेत!" घरी आल्यावर मी टेबलाशी बसून बाईंना लिहायचे मसुदे करी. पाठवायचे नव्हते अजून. पण तयार असावे. "आपल्या पत्राचे उत्तर देण्यास झालेल्या विलंबाबद्दल". खोड. "आपणांस कदाचित स्मरत नसेल". खोड. पुन्हा "ऋणी". खोड. चुरगळून टोपलीत. टोपली टेबलाखाली, आणि टेबलाखालीच गुंडी झोपायची, माझ्या पावलावर हनुवटी टेकून. तिची आईही अशीच झोपायची, शिंप्याच्या टेबलाखाली, कापडाच्या कपट्यांत.

दुसरी लस झाली. तिसरीला आठवडा राहिला असताना एका सकाळी गुंडी उठली नाही. दूध पुढे केले, तिने मान फिरवली. मग पाठ कमानीसारखी केली आणि पांढुरका फेस ओकली. पुन्हा ओकली. मी तिच्याजवळ जमिनीवर बसून राहिलो. माझ्या मनाने बोक्याची ती पूर्ण दुपार माझ्यापुढे ओळीने मांडली, आता हे होईल, मग ते होईल. अक्काने खिडकीतून शिंप्याला हाक मारली. त्याने शटर अर्धे ओढले, गिऱ्हाइकाच्या कोटाचा एक हात मशीनवर तसाच लोंबत ठेवून तो आम्हाला स्कूटरवर घेऊन गेला. मी मागे, गुंडी माझ्या सदऱ्यात. अक्का मागून येते म्हणाली. गुंडीचे नाक माझ्या छातीला लागत होते, कोरडे. "काही नाही होत, काका," शिंपी वाऱ्यात ओरडत होता, "हिची आई तर एकदा अख्खं अस्तर गिळून बसली होती."

डॉक्टरने काडीवर नमुना घेतला, एका चपट्या पांढऱ्या पट्टीवर थेंब टाकले आणि पट्टी टेबलावर ठेवली. "एक रेघ आली तर बरं. दुसरी उमटली तर तो रोग. थोडा वेळ लागतो." तो दुसऱ्या खोलीत एका मांजराकडे गेला. मी पट्टीकडे बघत बसलो. माझे सगळे आयुष्य कागदावरच्या बारीक खुणा बघण्यात गेले आहे. जिथे काही नाही तिथेही मला खूण दिसू शकते. पहिली रेघ उमटली. दुसरीच्या जागी मला क्षणाक्षणाला काहीतरी गुलाबी दिसे आणि पुसले जाई. मी डोळे मिटले. मिटल्यावर जे आले ते मात्र भय नव्हते. ते इस्पितळ होते, जिथे बायको शेवटची होती. तिला झोप लागली होती, बाहेरच्या बाकावर मी एकटा होतो, आणि मला वाटत होते की मी आधी ओळखायला हवे होते, तिचे खोकणे मला वेगळे ऐकू यायला हवे होते. बाईंचे पत्र मी घरी शब्दकोशात ठेवलेले असे, ते त्या दिवशी माझ्या खिशात कसे आले होते कोण जाणे. मी ते तिथे पुन्हा वाचले. यात तुमचे काही चुकले नाही. या वेळी ते ओघळले नाही. जवळ घेऊन झालं ते झालं म्हणणारे आता कोणी नव्हते, मी अगदी उघडा होतो, आणि ते वाक्य आत गेले आणि राहिले. त्याच्यावर मी ते दिवस काढले. पुढची वर्षे काढली. एकदा वाचून ते लागू पडले नव्हते, एवढेच. दवाखान्याच्या त्या बाकावर, गुंडीचे डोके मांडीवर घेऊन, मला हे पहिल्यांदा नीट दिसले, आणि काहीही निकाल लागायच्या आधीच माझे मन कशाने तरी भरून आले. भयाला जागाच उरली नाही असे म्हणणार नाही. पण ते कडेला सरकले, बाकावर दुसऱ्याला बसायला जागा द्यावी तसे.

"एकच आहे," डॉक्टर माझ्या खांद्यावरून म्हणाला. "एकच रेघ, काका. तो रोग नाही." त्याने वाकून माझ्या तोंडाकडे पाहिले. मग त्याने गुंडीचे पोट दोन्ही हातांनी चाचपले. "इथे काहीतरी आहे मात्र. काय खाल्लं हिनं?" तेवढ्यात गुंडीनेच उत्तर दिले. पाठ कमान झाली, एक मोठी उबळ आली, आणि टेबलावर एक ओला, पांढरा गोळा पडला. डॉक्टरने चिमट्याने तो उलगडला. निळ्या शाईचे फराटे. कागद. तो दिव्याखाली धरून वाचू लागला, "‘आपल्या पत्राचे... देण्यास झालेल्या विलं...’ काका, हे काय आहे?" मागे अक्का पोचली होती, दारात, धापा टाकत, दोन्ही हात गुडघ्यांवर. तिने सगळे एका नजरेत पाहिले. "ते होय," ती म्हणाली, "बारा वर्षं घरातनं निघत नव्हतं. आज निघालं एकदाचं." शिंपी आधी हसला, मग डॉक्टर, आणि मग मी. मला हसताना डोळ्यांतून पाणी येते, ही जुनी खोड आहे. "अजून एक तुकडा आहे इथे," डॉक्टर म्हणाला. "‘ऋणी’. हे खोडलेलं आहे." "तेच पचलं नाही बघा तिला," अक्का म्हणाली.

गुंडीला एक दिवस उपास पडला आणि दुसऱ्या दिवशी ती बशी ढकलत घरभर फिरली. तिसरी लस झाली. मुठीत ऊब देऊन, तशीच. रेबीजचीही टोचून झाली. डॉक्टर म्हणाला, आता लस रुजायला थोडे दिवस द्या आणि मग सोडा जमिनीवर. मी ते दिवस दिले. कडेवर ती आता मावत नव्हती, माझा हात भरून येई. टोपलीला अक्काने झाकण आणले होते. त्याची गरज उरली नव्हती, कारण मी मसुदे करणे सोडले होते.

आज सकाळी मी बसलो आणि एका बैठकीत लिहिले.

"बाई, सप्रेम नमस्कार. आणले. कुत्री आहे, नाव गुंडी, खालच्या शिंपीमास्तरांकडची. सगळ्या लशी झाल्या. तुमचे डॉक्टर सुई मुठीत धरतात. बोक्याच्या वेळचे तुमचे पत्र माझी पत्नी गेली तेव्हा मी पुन्हा वाचले. तेव्हा ते लागू पडले. एरवी माझे कठीण होते. हे तुम्हाला कळायला हवे होते म्हणून लिहितो. बोक्यासाठी तुम्ही रात्रभर थांबला होतात, तेही आम्ही दोघे विसरलो नाही. आभार."

"आणले"च्या आधी "पिल्लू" राहून गेले आहे हे मला दिसले. लेखणी उचललीही होती. गुंडी टेबलाखालून वर बघत होती, आशेने असावे. मी पाकीट चिकटवले.

शिंप्याने तिच्यासाठी अस्तराच्या दुहेरी कापडाचा पट्टा शिवला आहे, मजबूत, आणि शिलाई विचारली तर म्हणाला, "माहेरची आहे ती." जिना मी तिला उचलूनच उतरवला. खालच्या पायरीशी थांबलो. अक्का वर खिडकीत होती. "ठेव ना आता! की रेघ दिसतेय कुठे?" मी वाकलो आणि गुंडीला जमिनीवर ठेवले. ती हलली नाही. चारी पाय ताठ, शेपटी पोटाशी. इतके दिवस वरून पाहिलेला रस्ता आता तिच्या पायांखाली होता, खरबरीत आणि फार मोठा. ती माझ्याकडे बघू लागली. मीही उभा राहिलो. मला ठाऊक आहे, अशा वेळी मागून ढकलू नये. मग तिने नाक खाली नेले. जमिनीत जे काय लिहिलेले असते ते ती वाचू लागली, सावकाश, एकेक अक्षर लावून, आणि वाचता वाचता एक पाय पुढे पडला. टोपीवाले गृहस्थ पलीकडून म्हणाले, "अरे, गाडीतून उतरल्या वाटतं!" "हो ना," मी म्हणालो, "आजच." आणि आणखीही काही बोललो, हवेबद्दल असावे.

टपालपेटीपर्यंत पोचायला आम्हाला फार वेळ लागला, कारण वाटेतले प्रत्येक झाड तिने वाचून काढले. मी पाकीट फटीत घातले आणि क्षणभर धरून ठेवले. पट्ट्याला ओढ बसली, आणि ते सुटले. पत्र तळाला पडल्याचा आवाज मला काही आला नाही. गुंडीला आला असावा. तिने कान टवकारले.